एचआयव्हीबाधित कुटुंबांतील बालकांचे पोषण व वाढ : पुण्याचा अनुभव आणि खुलताबाद तालुक्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ

एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या मातेने आपल्या अर्भकास अंगावर पाजावे किंवा नाही, ह्या एका प्रश्नाभोवती ह्या विषयावरील वाङ्मय जवळजवळ पंचवीस वर्षे फिरत राहिले. प्रश्न मोठा होता यात शंका नाही. मातेच्या दुधावाटे विषाणू बालकाच्या शरीरात जाऊ शकतो ही गोष्ट 1985 च्या सुमारास ध्यानात आली; आणि दुधावाचून अर्भक जगत नाही ही गोष्ट तर कोणी सिद्ध करून द्यावी लागत नव्हती. परंतु हा प्रश्न विषाणूच्या बाजूने मांडला गेला, बालकाच्या बाजूने मांडावयाचा राहून गेला, आणि त्याचे परिणाम आजच्या कार्यक्रमांतही पाहावयास मिळतात. बालक संसर्गापासून वाचले म्हणजे कार्य सिद्धीस गेले, असा हिशोब त्यातून रूढ झाला. वाचलेले बालक वाढते किंवा नाही, हा हिशोब निराळा आहे. तोच येथे मांडावयाचा आहे.

प्रारंभी मूळ आकडे ध्यानात घेतले पाहिजेत. कोणताही उपचार नसेल, तर संसर्गित मातेच्या शंभर बालकांपैकी साधारणतः 15 ते 30 बालकांस गर्भावस्थेत वा प्रसूतीच्या वेळी संसर्ग होतो. माता दीर्घकाळ अंगावर पाजत राहिल्यास हे प्रमाण 20 ते 45 पर्यंत जाते. म्हणजे दुधामुळे पडणारी भर 5 ते 20 टक्क्यांची. ही भर टाळावयाची तर दूध तोडावे, हा तर्क श्रीमंत देशांनी तत्काळ स्वीकारला व तेथे तो बहुतांशी यशस्वीही झाला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र इतरांसाठी एक अट घातली. वरचे दूध कुटुंबास स्वीकार्य, शक्य, परवडणारे, अखंड चालू राहणारे व सुरक्षित असेल, तरच स्तनपान पूर्णपणे टाळावे. ह्या पाच विशेषणांवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. ती शब्दशः बरोबर होती. पण त्यांचा निर्णय कोणी करावयाचा? प्रसूतिगृहातील समुपदेशकाने, दहा-पंधरा मिनिटांत, अशा स्त्रीशी बोलून की जिला आपल्या संसर्गाची वार्ता कदाचित त्याच महिन्यात कळली आहे. अट शास्त्रीय होती, तिची अंमलबजावणी मात्र अनुमानावर चालली होती.

ह्या पार्श्वभूमीवर पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयात व ससून सर्वोपचार रुग्णालयात झालेले कार्य आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण होय. डॉ. मृदुला फडके व त्यांचे सहकारी यांनी मार्च 2000 ते नोव्हेंबर 2001 ह्या काळात संसर्गित माता व त्यांची अर्भके अशा 148 जोड्यांचा मागोवा घेतला. निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. ह्या 148 पैकी 62 माता अंगावर पाजत होत्या. उरलेल्या 86 अर्भकांना वरचे दूध होते. पहिल्या सहा महिन्यांत 21 अर्भकांस रुग्णालयात दाखल करावे लागले, त्यांतील 6 जणांस पुनःपुन्हा. दाखल झालेली ही 21 ही अर्भके वरच्या दुधावरची होती. अंगावर पिणाऱ्यांपैकी एकही नव्हते. दाखल होण्याच्या कारणांत निम्म्याच्या जवळपास प्रकरणे अतिसाराची होती. न्युमोनिया, जंतुदोष व कावीळ ही त्यानंतरची कारणे.

ह्या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. मातांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. जी स्त्री अधिक आजारी, तिने वरचे दूध निवडले असण्याचा संभव राहतो, आणि आजारी मातेचे मूल अन्य कारणांनीही दुबळे असते. तथापि 21 विरुद्ध शून्य हा भेद केवळ निवडीच्या दोषाने पुसला जाईल असे आम्हांस वाटत नाही. शिवाय स्थळ पुणे होते. मोठे सरकारी रुग्णालय, शिकविलेले समुपदेशक, वारंवार होणारी तपासणी, हे सर्व हाताशी असता चार अर्भकांमागे एकास सहा महिन्यांच्या आत रुग्णालयाची पायरी चढावी लागली. हे जेथे नाही तेथे काय होईल, याची कल्पना आफ्रिकेतील बोट्स्वाना देशाने 2006 मध्ये दिली. तेथे शासनाने डब्याचे दूध विनामूल्य पुरविले होते. त्या वर्षाच्या आरंभी अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले, आणि अतिसाराच्या साथीत मृत्यू पावलेल्या अर्भकांत अंगावर न पिणाऱ्यांची संख्या फार मोठी होती.

वरच्या दुधाचा दोष केवळ जंतूंचा नव्हे. त्यातील पाण्याचाही आहे, आणि हा भाग आपल्याकडे घरोघरी पाहावयास मिळतो. ‘बाळाला दूध जड होते’ ह्या समजुतीने व दुधाच्या दराच्या धाकाने दुधात पाणी घालण्याची रीत सर्वत्र आहे. थोडा हिशोब करून पाहू. तीन महिन्यांच्या, सहा किलो वजनाच्या बालकास दिवसाकाठी 550 कॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. गायीच्या दुधात शंभर ग्रॅममागे सुमारे 67 कॅलरी असतात, मातेच्या दुधात 65. निम्मे पाणी घातले की गायीच्या दुधाच्या 33 उरतात. मग तेवढ्या ऊर्जेसाठी बालकाने दीड लिटरांहून अधिक द्रव प्यावयास हवा, आणि ते त्याच्या जठरास अशक्य आहे. साखर घातल्याने थोडी भर पडते. प्रथिनांत व क्षारांत ती पडत नाही. अशा रीतीने पोट भरलेले, वारंवार लघवी करणारे, शांत झोपणारे बालक हळूहळू खंगत जाते आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हशीच्या दुधाचे पाणी करणारे घर त्या मानाने बरे. त्यात मुळात 117 कॅलरी असल्यामुळे पाणी घातल्यावरही काही शिल्लक राहते. पण घरची म्हैस असणे हीच मुळी संपन्नतेची खूण.

आता स्वीकार्यतेविषयी. आपल्या समाजात बाळंतिणीने मुलास जवळ न घेणे ही खाजगी गोष्ट राहू शकत नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते. पाचवी, बारसे, सव्वा महिना, ह्या सर्व काळात आई, आजी, सासू, जाऊ, शेजारीण यांचा राबता असतो आणि मूल रडले की चारही दिशांनी एकच सूचना येते. न पाजण्याचे कारण सांगावे तर गुपित उघडे पडते. म्हणून पुष्कळ स्त्रियांनी मधला मार्ग काढला : लोकांदेखत पाजावयाचे आणि एरवी वरचे द्यावयाचे. पुण्यातील संशोधकांनी मातांच्या निवडीचा जो स्वतंत्र अभ्यास केला त्यातही हा संमिश्र प्रकार ठळकपणे आढळला. दुर्दैव असे की हाच मार्ग सर्वांत धोक्याचा. दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात, तीन महिन्यांच्या वयास केवळ अंगावर पिणाऱ्या बालकांत संसर्गाचे प्रमाण 14.6 टक्के, मुळीच न पिणाऱ्यांत 18.8, तर दोन्ही घेणाऱ्यांत 24.1 टक्के आढळले. वरच्या अन्नाने आतड्याच्या कोवळ्या अस्तरास इजा होते व विषाणूस वाट मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

‘केवळ अंगावर’ ह्या शब्दांचा अर्थ मात्र शब्दशः घ्यावा लागतो. बाळघुटी, मधाचे बोट, गुळाचे पाणी, उन्हाळ्यात घशाला कोरड पडू नये म्हणून चमचाभर पाणी, हे सर्व त्या व्याख्येनुसार वरचे अन्नच होय. कोणत्याही माउलीस विचारले असता ती प्रामाणिकपणे ‘बाळ अंगावरच आहे’ असे सांगते, कारण घुटी ही तिच्या लेखी अन्न नाही, औषध आहे. आहारविषयक पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावली तयार करताना घुटीचा प्रश्न स्वतंत्र विचारावा. अन्यथा सर्वच उत्तरे सुखद येतील.

ही कोंडी फुटली ती औषधांमुळे. अर्भकास सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याची चाचणी इथिओपिया, युगांडा व भारत येथे झाली. भारतातील केंद्र पुणेच होते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवड्यांच्या वयास संसर्गाचे प्रमाण 5.3 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. पुढे मातेलाच औषधे देण्याकडे कल झुकला. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या छत्राखाली स्तनपानाची शिफारस केली. 2014 पासून भारतात संसर्गित गरोदर स्त्रीस, तिच्या रक्तातील पेशींची संख्या काहीही असो, आजन्म एआरटी देण्याचे धोरण आले. माता औषधे नियमित घेत असेल तर स्तनपानासह एकूण संक्रमण 5 टक्क्यांहून खाली ठेवता येते. तेव्हा पहिले सहा महिने केवळ अंगावर, त्यानंतर पूरक आहार व जोडीस स्तनपान, हा इतर सर्व बालकांस दिला जाणारा सल्लाच आता ह्याही बालकांस लागू झाला आहे. झांबियात लवकर व एकाएकी दूध तोडून पाहण्यात आले होते. त्याचा लाभ दिसला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ज्या बालकास संसर्ग झालाच, त्याच्याविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे शास्त्र स्पष्ट आहे. उपचार न मिळाल्यास अशी निम्मी बालके दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात. दक्षिण आफ्रिकेतील 2008 च्या चाचणीने दाखविले की बारा आठवड्यांच्या आत औषधे सुरू केली तर मृत्यूचे प्रमाण 16 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर येते. मातेची प्रतिद्रव्ये बालकाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहत असल्याने नेहमीची तपासणी तेथे निरुपयोगी ठरते; म्हणून सहाव्या आठवड्यास टाचेतील रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पाठविण्याची पद्धत आपल्याकडे 2010 मध्ये आली. आहाराच्या दृष्टीने, लक्षणे नसलेल्या संसर्गित बालकास ऊर्जा 10 टक्के अधिक लागते, क्षय वा दीर्घ अतिसार जडला असता 20 ते 30 टक्के अधिक, आणि तीव्र कुपोषणात 50 ते 100 टक्के अधिक. औषधांवाचून केवळ अन्न पुरत नाही, आणि अन्नावाचून औषधे अंगी लागत नाहीत.

खरी विचार करण्याजोगी गोष्ट तिसऱ्या वर्गाची आहे : माता संसर्गित, बालक असंसर्गित. औषधांच्या यशामुळे आज हाच वर्ग संख्येने मोठा झाला आहे. हे बालक निरोगी मानले जाते. पण अनेक देशांतील निरीक्षणे असे सांगतात की ते, सरासरीने, संसर्गाशी संबंध न आलेल्या शेजारच्या बालकाइतके वाढत नाही. ते जन्मतः वजनाने थोडे कमी, पहिल्या वर्षात आजारी अधिक, आणि उंचीने मागे असते. याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. मातेच्या शरीरातील सततच्या दाहाचा गर्भावर परिणाम होतो. तिच्याकडून बालकास मिळणारी प्रतिद्रव्ये अपुरी असतात. आणि कुटुंबाची मिळकत आजारपणात जाते. शेवटचे कारण वैद्यकीय ग्रंथांत एका ओळीत उरकले जाते, वास्तविक ते अर्धे पुस्तक व्हावे. पती वारला, सासरच्यांनी हिस्सा नाकारला, स्त्री माहेरी परतली आणि रोजंदारीवर जाऊ लागली; तान्हे मूल मग आजीच्या ओटीत. अशा घरातील बालकाच्या वाढीचा आलेख विषाणूने काढलेला नसतो.

झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागात झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ह्या गुंत्याचा एक पदर सोडवून दाखविला. संसर्गित मातांच्या बालकांना सहाव्या ते अठराव्या महिन्यापर्यंत पूरक आहाराविषयी मार्गदर्शन व दररोज 20 ग्रॅम पोषक लगदा, तेल व शेंगदाणा यांच्या आधारावर बनविलेला व जीवनसत्त्वे आणि क्षार मिसळलेला, देण्यात आला. खुजेपणाचे प्रमाण 50 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आले. शौचालये व हात धुण्याची सोय दिलेल्या गटात मात्र उंचीवर काही परिणाम दिसला नाही. दहा टक्क्यांचा हा फरक लहान नव्हे. पण उरलेले चाळीस टक्केही विसरता येत नाहीत. अन्नाने पडलेला फरक अन्नापुरताच.

आता खुलताबाद तालुक्याकडे वळू. दौलताबाद व वेरूळ यांच्या मधोमध, डोंगरमाथ्यावर वसलेले हे गाव दर्ग्यांसाठी, औरंगजेबाच्या कबरीसाठी व भद्रा मारुतीसाठी सर्वांस परिचित आहे. भोवतालचा तालुका कोरडवाहू शेतीचा. छत्रपती संभाजीनगर शहर येथून सुमारे 25 किलोमीटरांवर आहे. अंतर फार नाही, परंतु ह्याच अंतराने एका बालकाचा हिशोब दोन वह्यांत विभागला जातो. गरोदर स्त्रीची रक्ततपासणी तालुक्यात होते. संसर्ग आढळल्यास औषधोपचारासाठी तिचा संबंध शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘घाटी’च्या, एआरटी केंद्राशी येतो. तेथील वहीत संसर्गाची नोंद असते आणि अठराव्या महिन्यास बालकाची अंतिम तपासणी ‘नाही’ अशी आली की त्याचे पान मिटते. दुसरी वही गावच्या अंगणवाडीची. तीत बालकाचे वजन व उंची आहे, पण मातेच्या संसर्गाचा उल्लेख नाही. आणि असूही नये. 2017 चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात असून संमतीवाचून कोणाचा संसर्ग उघड करण्यास तो मनाई करतो.

ह्या दोन वह्या जोडाव्यात, अशी सूचना अनेकदा केली जाते. आम्हांस ती घातक वाटते. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात अंगणवाडीच्या वहीत पडलेली खूण सायंकाळपर्यंत पारावर पोहोचते. मग माता अंगणवाडीत येणेच बंद करील आणि जे वजन आज होते आहे तेही होणार नाही. उलट, बालक वाढत नाही हे ओळखण्यास त्याच्या मातेच्या रक्ताची माहिती लागतच नाही. तीव्र कुपोषणाची कसोटी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन प्रमाण विचलनाच्या तीन पायऱ्यांहून खाली, किंवा दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरांहून कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज, ही सर्व बालकांस सारखीच आहे. ग्राम बाल विकास केंद्रातील आहारही सर्वांस सारखाच. ज्या गावात प्रत्येक बालक नीट मोजले जाते तेथे संसर्गित मातेच्या बालकाला गुपिताची किंमत न मोजता मदत मिळते.

ह्या प्रदेशास अशा कार्याची परंपरा आहे. बालमृत्यूंच्या वार्तांनंतर 2002 मध्ये तत्कालीन औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात बालके मोजण्याची मोहीम हाती घेतली. तीतून 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले व त्याचे मुख्यालय औरंगाबादेस ठेवण्यात आले. दोन वर्षांखालील खुज्या बालकांचे राज्यातील प्रमाण 2005-06 मध्ये एकतृतीयांशाहून अधिक होते, ते 2012 च्या पाहणीत एक चतुर्थांशाच्या आत आले. त्यानंतरची गती मंदावली. पाच वर्षांखालील बालकांत खुजेपणा 2015-16 मध्ये 34.4 टक्के व 2019-21 मध्ये 35.2 टक्के, म्हणजे जवळजवळ तेथेच.

मोजण्याविषयी एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती क्षुल्लक समजली जाते. दोन वर्षांखालील बालकाची लांबी आडवे निजवून व त्यावरील बालकाची उंची उभे करून मोजतात. दोहोंत सुमारे 0.7 सेंटिमीटरांचा फरक पडतो. दुसऱ्या वर्षात बालक सुमारे बारा सेंटिमीटर वाढते, म्हणजे महिन्यास एक. रडणाऱ्या बालकाचा गुडघा वाकलेला राहिला तर तेवढीच चूक होते आणि महिन्याची सारी वाढ नाहीशी होते किंवा दुप्पट दिसते. मापनास दोन माणसे लागतात, एकाने डोके धरावयाचे व दुसऱ्याने पाय. अंगणवाडीत पुष्कळदा सेविका एकटीच असते. वजनाचा काटा ही चूक करीत नाही, म्हणून आपल्या नोंदी वजनावर विसंबतात. परंतु असंसर्गित बालकाची तूट मुख्यतः उंचीत दिसते.

आहाराविषयी अधिक सांगण्याजोगे फार नाही, मात्र एक सवय सोडावयास हवी. उष्टावणानंतर बालकास वरणाचे पाणी, भाताची पेज, चहात बुडविलेले बिस्किट देण्याची रीत आहे. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बालकास वरच्या अन्नातून सुमारे 200 कॅलरी हव्यात, वर्षानंतर 550. आणि त्याचे जठर वाटीभराचे. पातळ अन्नाने वाटी भरते, गरज भागत नाही. वरणाचे पाणी सोडून खालची डाळ द्यावी, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करावी, तीत चमचाभर तेल व शेंगदाण्याचा बारीक कूट घालावा. चमचाभर तेलाने सुमारे 40 कॅलरी वाढतात, वीस ग्रॅम कुटाने 110. अंगणवाडीतून बालकास दिवसाला 500 कॅलरी व 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, तीव्र कुपोषितास 800 कॅलरी, हे प्रमाण ठरलेले होते. पण घरी नेलेल्या शिध्याची वाटणी घरातील सर्वांत होते हे सेविका जाणतात. दिवाळीनंतर ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबात तर अंगणवाडी व एआरटी केंद्र दोन्ही मागे राहतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे प्रबंधाचा विषय मिळण्यासारखा आहे, आणि त्यासाठी कोणाचाही संसर्ग विचारावा लागणार नाही. तालुक्यातील काही अंगणवाड्या निवडाव्यात. सहा ते तेवीस महिन्यांच्या प्रत्येक बालकाची लांबी दोघांनी, परस्परांचे आकडे न पाहता, दोनदा मोजावी. तीन महिन्यांनी तीच बालके पुन्हा मोजावीत. आणि वहीतील आकड्यांशी ताडून पाहावे. ज्यांची लांबी तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरही वाढली नाही त्यांची यादी सेविकेकडे व आरोग्य केंद्राकडे द्यावी. यादीत कारणाचा रकाना ठेवू नये.